कनिष्काचा दाखला कशाला हवा?

कसाणा, चेची, गोरसी, खटाणा, भडाणा, हूण, बिधुरी आणि समस्त गुज्जर गोतमंडळींना,



पत्र लिहिणारा हा मराठी माणूस कोण, असं तुम्हाला वाटेल. तुमचा-माझा संबंध एका शब्दापुरता आहे: गोत. आमच्याकडे तो आता नातंगोतं, गोतावळा अशा शब्दांच्या वळचणीला राहतो, नाहीतर ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ या म्हणीत भेटतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी मात्र त्याचा दरारा होता. पाटिलकीचा तंटा पडला की गोत बसायचं, दोन्हीकडचे साक्षी यायचे, प्रसंगी कुणाला दिव्य करावं लागायचं आणि शेवटी महजर लिहिला जायचा. गोतानं ‘वतन अमक्याचं’ म्हटलं की ते अमक्याचं. आमचं गोत कधीच उठून गेलं. तुमचं अजून बसलेलं आहे, म्हणून हे पत्र.

कसाणा, तुझी आणि माझी पहिली गाठ सोनमर्गच्या वर पडली. जूनचे दिवस, बर्फ नुकतं उतरलेलं. ढोक म्हणतात त्या उन्हाळी घराबाहेर मेंदीनं दाढी रंगवलेले एक बाबा म्हशींना मीठ चारत बसले होते. मी नाव विचारलं. त्यांनी आधी गोत सांगितलं, कसाणा. नाव मागाहून आलं आणि ते मुसलमानी होतं. पुढे दोनेक वर्षांनी ग्रेटर नोएडात टॅक्सीत बसलो. आरशाला हनुमान, मागच्या काचेवर ठळक अक्षरांत ‘गुर्जर’. चालक बोलका निघाला. तोही कसाणा, तिथल्याच कासना गावचा. मी त्याला सोनमर्गच्या बाबांची गोष्ट सांगितली. सिग्नल येईपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, ‘कसाना बोला ना? तो भाई हुआ.’ आणि सिग्नल सुटल्यावर, ‘हम सब कनिष्क के वंशज हैं सर. कुषाण से कसाना.’

पहिलं वाक्य मला जागच्या जागी पटलं. दुसऱ्यानं अजून माझा पिच्छा सोडलेला नाही.

या पत्रामागे थोडी अपराधी भावनाही आहे. तुम्हाला परदेशी बादशहांच्या दारात नेऊन उभं करण्याच्या उद्योगात मुंबई इलाख्याचा आणि मराठी विद्वानांचा वाटा मोठा. सुरुवात इंग्रज पुरातत्त्ववेत्त्या कनिंगहॅमनं केली. १८६०च्या दशकात उत्तरेतली टेकाडं उकरता उकरता त्यानं मांडलं, की गुज्जर म्हणजे कुषाण, म्हणजेच चिनी बखरींतले युएझी. मग मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरात जेम्स कॅम्बेलनं १९०१ साली दुसरी वाट काढली: गुज्जर म्हणजे कास्पियन समुद्राकाठचे खझार. त्याच गॅझेटियरच्या आधीच्या एका खंडात गुर्जरांच्या जुन्या राजधानीवर, भीनमाळवर, टिपण लिहिणारा ए. एम. टी. जॅक्सन मराठी वाचकाला वेगळ्याच कारणानं ठाऊक आहे. नाशिकचा हा कलेक्टर. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. शाळेत आम्ही त्याचं मरण पाठ केलं. तो गुर्जरांचे शिलालेख वाचत बसायचा, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं.

मग आले देवदत्त रामकृष्ण भांडारकर. थोरल्या भांडारकरांचे चिरंजीव, शिलालेखांचे पक्के जाणकार. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यांनी गुर्जरांवर निबंध लिहिला आणि १९११ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त हिंदू समाजातल्या परकी घटकांवरचा गाजलेला लेख. त्यांचं म्हणणं असं, की गुर्जर बाहेरून आले आणि प्रतिहार, चालुक्य, परमार, चौहान ही राजघराणी त्यांच्यातूनच निघाली. त्यावर भारताचार्य चिंतामणराव वैद्य उसळले. मध्ययुगीन भारताच्या इतिहासाचे तीन खंड त्यांनी १९२१ ते १९२६ या काळात काढले आणि त्यांत निकाल दिला, की गुज्जर अस्सल आर्य. पुरावा काय? नाक! रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्यानं लोकांची नाकं मोजून आकडे छापले होते, ते वैद्यांनी भांडारकरांवर फेकले. एक मराठी विद्वान तुम्हाला मध्य आशियात ढकलतोय, दुसरा नाकाला धरून परत आणतोय. गंमत म्हणून वाचायला ठीक, पण या ओढाताणीत तुमच्या नावांकडे, प्रत्येक गोताच्या वेगळ्या नावाकडे, दोघांनीही पुरावा म्हणूनच पाहिलं. नाव बनतं कसं, हा प्रश्न बाजूलाच राहिला. मला त्याचंच कुतूहल आहे.

कसाणा, पुन्हा तुझ्याकडे येतो. कनिष्काच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरांत कुळाचं नाव कोरलेलं आहे, ‘कोशानो’. ‘कोशानो’ आणि ‘कसाणा’ शेजारी ठेवले की कानाला गोड लागतं, कबूल. पण पहिल्या अक्षरातला ओ गेला कुठे? त्याचा अ झाला म्हणायचं, तर तो तसाच आणखी चार शब्दांत झालेला दाखवावा लागतो. कनिष्क इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, चौथ्या शतकापर्यंत कुषाणांचा अंमल संपलेला. तिथपासून मधल्या शतकांत एखाद्या ताम्रपटावर कुणी ‘मी कसाणा’ म्हणून उभा असेल तर तो पत्रा दाखव, मी हे पत्र मागे घेतो. तोवर कासना गाव तुझ्या नावावरून पडलं की तू गावाच्या नावावरून, हा साधा प्रश्न मला कनिष्कापेक्षा जास्त कामाचा वाटतो.

कानानं व्युत्पत्ती लावायची आमचीही जुनी खोड आहे, म्हणून मी तुला हसत नाही. मोरे म्हणजे मौर्य, शेलार म्हणजे शिलाहार, कदम म्हणजे कदंब, जाधव म्हणजे यादव, अशा जोड्या आम्ही चहाच्या टपरीवर जुळवतो. एखादी जोडी खरीही असेल, पण ती यमकानं खरी ठरत नाही. कोल्हापुरात सराफांची गल्ली आहे, तिचं नाव गुजरी. नवखा माणूस म्हणेल, गुजरांनी वसवली. जुने कोश उघडले तर ‘गुजरी’ म्हणजे रस्त्याकडेला भरणारा बाजार आणि शब्द फारसी, ‘गुजर’ म्हणजे ये-जा, वाट. गुजराण, गुजरणे यांच्या घरचा तो शब्द. तुमचा त्याच्याशी काही संबंध नाही. स्वतः ‘गुज्जर’ या नावाचीही लोकांनी अशीच फोड केली आहे, गौ-चर म्हणजे गाई चारणारा. ऐकायला सोयीची, पण सहाव्या-सातव्या शतकापासून लेखांत येतो तो ‘गुर्जर’. त्यातला पहिला र या फोडीत बसत नाही.

चेची, तुझं प्रकरण तर त्याहून नाजूक. तुला युएझींचा वारस ठरवतात, कारण ‘युची’ आणि ‘चेची’ जुळतात म्हणे. पण युएझी हा आजच्या चिनी तोंडातला उच्चार. दोन हजार वर्षांपूर्वी तीच अक्षरं चिनी लोक पार वेगळ्या तऱ्हेनं वाचत होते. म्हणजे एका परक्या टोळीचं नाव चिन्यांनी आपल्या कानाला लागलं तसं लिहिलं, त्या लिहिण्याचा आजचा उच्चार आपण घेतला आणि तो आजच्या गुज्जर नावाशी जुळवला. खटाणा आणि खोतान ही जोडीही त्याच दुकानातली.

हूण, तुझ्याशी मात्र मी वाद घालणार नाही.

आमच्या पाठ्यपुस्तकांत हूण म्हणजे खलनायक. तोरमाण, मिहिरकुल. मंदसोरजवळ सोंधनीला यशोधर्म्याचे प्रचंड दगडी स्तंभ पडलेले आहेत, त्यांवर मिहिरकुलाला पायाशी वाकवल्याची फुशारकी कोरलेली आहे. गोष्ट तिथे संपते असं आम्हाला शिकवलं. प्रत्यक्षात ती संपली नाही. दहाव्या शतकात मेवाडच्या गुहिल अल्लटाची राणी हरियादेवी हूण घराण्यातली. अकराव्या शतकात त्रिपुरीच्या, म्हणजे आजच्या जबलपूरजवळच्या, कलचुरी कर्णाची राणी आवल्लदेवी, तीही हूणच. सोयरीक करावी असे शेजारी झाले होते ते लोक. आणि आज राजस्थानात, मेरठकडे, गुज्जर घरं ‘हम हूण हैं’ असं चारचौघांत, न लाजता सांगतात. पूर्वज खोटा उभा करायचाच तर माणूस राम शोधेल, पृथ्वीराज शोधेल, गेला बाजार कनिष्क शोधेल. हूण कोण शोधायला जातो? म्हणून तुझ्या बाबतीत मला वाटतं, हे नाव कुणी मागाहून चिकटवलेलं नाही. ते बापाकडून मुलाकडे जसंच्या तसं आलंय.

भडाणा, तुझ्यावर मात्र आमचा थोडा हक्क आहे. ‘कर्पूरमंजरी’ लिहिणारा राजशेखर तुला ठाऊक नसेल. त्याचं घराणं मूळ महाराष्ट्रातलं, पणजोबा अकालजलद, ज्यांना ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणत. राजशेखर स्वतः नोकरीला कनौजला, प्रतिहार महेंद्रपालाच्या दरबारात. बायको अवंतिसुंदरी चौहानांची. इसवी सन ९००च्या आसपास त्यानं ‘काव्यमीमांसा’ लिहिली आणि कुठले लोक कसे बोलतात याची नोंद करताना सांगितलं, की मारवाडचे, टक्क देशाचे आणि भादानक लोक बोलण्यात अपभ्रंश मिसळतात. भादानक, म्हणजे बयाना-रेवाडीच्या पट्ट्यातला देश. एक मराठी घराण्यातला पंडित परमुलखात जाऊन दुसऱ्यांच्या बोलीतल्या चुका काढतोय, हे आम्हाला फारच ओळखीचं. पुढे बाराव्या शतकात पृथ्वीराज चौहानानं भादानकांचा पराभव केला आणि तो देश नकाशावरून पुसला गेला.

त्याच मुलखाच्या कडेला, फरिदाबादच्या अरवलीत, अनंगपूरसारख्या गावांत तुझी घरं आहेत. भादानकातला शेवटचा क गळणं हे प्राकृताचं रोजचं काम, द चा ड होणंही नवलाचं नाही. तेव्हा मला इथे साखळी दिसते. राजाचं नाव शोधू नकोस तिच्यात. ती एका मुलखाची आहे. आमच्याकडे माणूस गाव सोडून दुसऱ्या गावी गेला की त्याला ‘कर’ चिकटतो, चिपळूणहून आला तर चिपळूणकर. चिपळूणात कुणाला चिपळूणकर म्हणून काय कळणार? तुझंही तसंच झालं असावं. भादानक देशाबाहेर पडलेल्यांनाच लोक भडाणा म्हणाले असणार, कारण देशात तर सगळेच भडाणे.

या सगळ्यात माझा सगळ्यात आवडता दगड अलवरजवळ राजोरगढला सापडला. इसवी सन ९६०चा. मथनदेव नावाच्या एका सामंतानं देवळाला गाव दिल्याचा लेख. त्यात तो स्वतःला गुर्जर-प्रतिहार कुळातला म्हणवतो. या दोन शब्दांवर इतिहासकारांनी किती शाई आटवली असेल! त्याच लेखात, दान दिलेल्या जमिनीच्या संदर्भात, गुर्जर कसत असलेल्या शेतांचाही उल्लेख आहे. एकाच दगडावर दान देणारा राजा गुर्जर आणि नांगर धरणाराही गुर्जर. ‘गुर्जर’ म्हणजे इथे देश की जमात, यावर विद्वान भांडतात, भांडोत. पण तुमचे आजचे अभिमानी लेखक या दगडाचा वरचा भागच तेवढा छापतात. शेतवाला गाळतात. मला विचाराल तर सोनमर्गच्या बाबांचा आणि नोएडाच्या चालकाचा पूर्वज शोधायचा झालाच, तर तो या शेतात सापडायची शक्यता जास्त.

आणि प्रतिहार म्हणजे तरी कोण? द्वारपाल. दारावर उभा राहणारा. नाव कामावरून पडलेलं, इतकं उघड. पण राजे झाल्यावर द्वारपाल म्हणून कसं चालेल? मग प्रतिहार राजा मिहिर भोजाच्या ग्वाल्हेर प्रशस्तीत खुलासा आला, की आमचा पूर्वज लक्ष्मण, तो रामाचा द्वारपाल होता, म्हणून आम्ही प्रतिहार. इकडे मान्यखेटच्या राष्ट्रकूटांना या नावाची टिंगल करायची सोय झाली. दंतिदुर्गानं उज्जैनला हिरण्यगर्भ दान केलं, तेव्हा गुर्जरांच्या राजाला दारावर उभं केलं, असं संजानच्या ताम्रपटात लिहून ठेवलंय. हा ताम्रपट संपादून छापला तोही भांडारकरांनीच. दख्खनच्या राजाचा हा शब्दखेळ बाराशे वर्षांनीही ताजा वाटतो. पण त्यातून कळतं ते असं: नाव आधी पडतं, पूर्वज मागाहून नेमला जातो. आधी दार, मग लक्ष्मण.

चापांचंही तेच. भीनमाळला चाप घराण्यातल्या व्याघ्रमुख राजाच्या काळात, ६२८ साली, ब्रह्मगुप्तानं ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ लिहिला. चाप म्हणजे धनुष्य. पुढे त्याचं भारदस्त रूप झालं चापोत्कट, ज्यातून चावडा आले. ७३९च्या नवसारी ताम्रपटात मात्र अरबांनी तुडवलेल्या राज्यांच्या यादीत चावोटक (म्हणजे हेच चापोत्कट) आणि गुर्जर वेगवेगळे मोजलेत. म्हणजे आज ज्यांना तुम्ही एका गोतावळ्यात घेता, ते तेव्हा शेजारी होते. यात वाईट काही नाही. गोतावळा वाढतो तो असाच.

लोहमोड, तू माझा लाडका. तुझ्या नावात लोखंड मोडणारा माणूस सरळ दिसतो. कुणीतरी एकदा काहीतरी वाकवलं असेल, निदान तशी बढाई मारली असेल. डेढा, तुझं नाव ऐकलं की मला दीड आठवतो. पूर्व दिल्लीत तुझी चोवीस गावं, डेढा चौबीसी. कुणी पूर्वज दीड माणसाचं काम करायचा की दीड माणसाचं जेवायचा, तूच जाणे. आमच्याकडे एकबोटे आहेत, पोटफोडे आहेत, वाघमारे आहेत. एकबोट्यांनी अजून कुठल्या साम्राज्यावर दावा सांगितलेला नाही आणि त्यांचं काही अडलेलं नाही.

पंजाबच्या जुन्या जातीकोशात तुमच्याच लोकांनी सांगितलेली एक गोष्ट आहे: गुज्जरांची मुळात अडीच गोतं, कसाणा, गोरसी आणि अर्धं बरगट. बाकीची सगळी मागाहून. अडीच हा आकडा मला फार आवडतो. हिशेब बंद करायचा नसला की माणूस अर्धा ठेवतो. गोतात येणाऱ्याला दार उघडं राहावं म्हणून तो अर्धा असावा, असं मी आपलं समजतो. राजस्थानातली बगडावतांची कथा घ्या. देवनारायण या देवाच्या पडासमोर, म्हणजे चित्रं काढलेल्या लांब कापडासमोर, भोपे रात्र-रात्र गातात ती. बगडावत हे नाव कुणावरून? वाघाचं तोंड आणि माणसाचं धड असलेल्या बाघ रावतावरून, आणि तो जन्मानं चौहान. त्याला बारा गुज्जर बायका, चोवीस मुलगे. चौहान बाप, गुज्जर आया आणि झालं नवं कूळ. ब्रिटिश अधिकाऱ्यांनीही गोतागोतांतून हीच गोष्ट टिपली: अमका राजपूत, त्यानं गुज्जर मुलगी केली, त्याचे आम्ही. तंवर, भाटी, परमार ही नावं म्हणूनच गुज्जरांत, जाटांत, राजपुतांत सगळीकडे भेटतात. इबेट्सननं १८८१च्या पंजाब जनगणनेच्या अहवालात म्हटलं होतं, की जाट आणि राजपूत यांच्यातला फरक रक्तापेक्षा सामाजिक मानाचा जास्त. ते वाक्य आजही दोन्ही बाजूंना झोंबेल.

ही सगळी आठवण तुमच्याकडे जागा आणि भाट हे वंशावळी राखणारे लोक सांभाळतात. वर्षा-दोन वर्षांनी यायचं, पोथी सोडायची, नवी पोरं नोंदवायची, जुन्या पिढ्या वाचून दाखवायच्या, दक्षिणा घ्यायची. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे हेच काम हेळवी करतात. बैल घेऊन दारात उभे राहतात आणि सात पिढ्यांची नावं एका दमात म्हणतात. माझ्या लहानपणी आमच्या दारातही हेळवी आला होता. आजीनं त्याला सूपभर जोंधळे दिले आणि तो गेल्यावर म्हणाली, ‘दरवेळी एक पिढी वाढवतो मेला.’ जागाच्या पोथीवर मी यापेक्षा कडक टीका करणार नाही. पोथीत वरची पानं रंगवलेली असतात, हे आजीला कळत होतं. खालची चार-सहा पानं खरी असतात, आणि ती दुसरीकडे कुठेही मिळत नाहीत.

कारण रोजच्या जगण्यात गोताला ती खालची पानंच लागतात. मुलीचं जमवताना आपलं गोत टाळायचं, आईचं टाळायचं, आजीचं टाळायचं. तुघलकाबादचा बिधुरी, फतेहपूर बेरीचा तंवर, कासन्याचा कसाणा, कोण कुणाला देऊ शकतो हे त्या पानांवरून ठरतं. काश्मीरच्या मुसलमान गुज्जरांत हा नियम सैल झाला, तरी गोत टिकलं. धर्म बदलला, सीमा पडली, कुणी गोजरी बोलतो, कुणी पंजाबी, कुणी ब्रज आणि नाव तेच. १९३३ साली केंब्रिजला बसून पत्रकात ‘पाकिस्तान’ हा शब्द पहिल्यांदा छापणारे चौधरी रहमत अली होशियारपूरकडच्या बलाचौरचे, गोताचे गोरसी. गोरसी, तुझ्या माणसानं प्रांतांची अक्षरं जुळवून एका देशाचं नाव बनवलं. त्या नावाचा बाप ठाऊक आहे, साल ठाऊक आहे. तुझ्या स्वतःच्या नावाचं दोन्ही ठाऊक नाही, आणि फाळणीनंतरही तू सीमेच्या दोन्हीकडे आहेस.

आता थोडं कडू बोलतो. २०२१च्या सप्टेंबरात उत्तर प्रदेशातल्या दादरीला त्याच मिहिर भोजाचा पुतळा उभा राहिला. त्याच्या नावाआधी ‘गुर्जर सम्राट’ लिहायचं की नाही यावरून गुज्जर आणि राजपूत समोरासमोर आले, पाटीवरच्या ‘गुर्जर’ शब्दाला काळं फासलं गेलं. ग्वाल्हेरमधल्या त्याच्याच पुतळ्याचा वाद तर उच्च न्यायालयात गेला. नवव्या शतकातल्या राजाच्या जातीचा दाखला एकविसाव्या शतकात न्यायाधीशांकडे मागायचा! यात नाव कुणाचं राहिलं? आणि याच्या चौदा वर्षं आधी, २००७ मध्ये, कर्नल किरोडीसिंह बैंसला यांच्यामागे हजारो गुज्जर राजस्थानात रस्त्यावर बसले होते, आम्हाला अनुसूचित जमातीत घ्या म्हणून. जम्मू-काश्मीरच्या गुज्जरांना तो दर्जा १९९१ मध्ये मिळालेला होता. एका हातात सम्राटाचा मुकुट, दुसऱ्या हातात जमातीचा अर्ज. मी याला ढोंग म्हणणार नाही. शतकभर ज्यांना सरकारी कागदांनी कधी परकी टोळी ठरवलं, कधी गुन्हेगार जमात, त्यांना मुकुटही हवासा वाटतो आणि अर्जही भरावा लागतो. पण मुकुटासाठी शेजाऱ्याशी मारामारी करताना कसाणा, बैंसला, भडाणा ही तुमची खरी नावं पाटीवर कुठेच नव्हती, हे तुमच्या लक्षात आलं का?

नाव कसं जन्मतं हे पाहायला तुम्हाला कुषाणांपर्यंत जावं लागत नाही. बिधुरी, तुझ्याच घरात घडलंय. वैदपुरा गावचा राजेश्वर प्रसाद बिधुरी हा मुलगा दिल्लीत मंत्र्यांच्या बंगल्यांवर दूध घालायचा. पुढे हवाई दलात विमान चालवू लागला. १९८०ला भरतपूरमधून लोकसभेला उभा राहिला तेव्हा त्याचं नाव झालं राजेश पायलट. तो निवडून आला, मंत्री झाला, २००० साली अपघातात गेला. मुलाचा पेशा तो नाही, पण आडनाव पायलट. दोन पिढ्यांत काम गळून पडलं आणि नाव उरलं. आणखी तीनशे वर्षांनी एखादा अभिमानी लेखक पायलट हे पुलस्त्य ऋषींचं रूप असल्याचं सिद्ध करील आणि त्याला टाळ्याही पडतील. प्रतिहारांचा लक्ष्मण असाच आला असणार.

शेवटी आमच्या घरातली गोष्ट. तुमचे भाऊबंद आमच्या खानदेशातही आहेत: रेवे गुजर, दोडे गुजर, जळगाव-धुळ्याकडचे बडगुजर. रेवा म्हणजे नर्मदा, तेव्हा रेव्यांनी आपली वाट नावातच लिहून ठेवली आहे. (नेसरीच्या खिंडीत पडलेल्या प्रतापराव गुजरांना या यादीत ओढू नका. मराठ्यांतल्या त्या आडनावाचा हिशेब वेगळा आहे.) तापीच्या काळ्या जमिनीत हे लोक कापूस आणि केळी पिकवतात. शाळेच्या पटावर त्यांची नावं पाटील, चौधरी, महाजन अशी. सगळी वतनाची, मानाची, कामाची नावं. गोत त्यांच्या मागे कुठेतरी उभं आहे. माझ्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या चौधरीला मी परवा फोन करून विचारलं, तुमचं मूळ कूळ काय? तो म्हणाला, ‘आजोबांना माहीत होतं.’

तेव्हा मंडळी, तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कनिष्क, युएझी, खझार यांना त्यांच्या घरी जाऊ द्या. तापीकाठी, यमुनाकाठी, सोनमर्गच्या वर जिथे जिथे कुणी म्हातारं माणूस अजून आपलं, आईचं आणि आजीचं गोत सांगू शकतं, तिथे त्याच्या नातवंडांच्या जिभेवर जाऊन बसा. जागाच्या पोथीची खालची पानं कुणीतरी उतरवून घ्या, वाळवी लागायच्या आत. वरची नंतर बघू.



आपला,
एक आडनावबहाद्दर मराठी माणूस